फळा

वेदीच्या डाव्या हाताला, पंख्याखाली
आमच्या देवळात एक फळा आहे.
दर रविवारी लवकर येऊन
मी त्याच्या खाचांत लाकडी आकडे बसवते:
आजची गीते. माझ्याआधी बाबा बसवायचे.
ते गिरणीत फिटर. आकडा केसभर तिरका
त्यांना खपायचा नाही.
सात मात्र एकच. दुसरा कधी हरवला
कुणालाच आठवत नाही.
गीतांत दोन सात निघाले
की मी पाळकांना सांगायचे, दुसरे घ्या.
आणि ते घ्यायचे.
तेवढीच काय ती माझी सत्ता.

मराठी उपासना नवाची सातला गेली,
सातची, महिन्यातून एकदा.
पंचांच्या सभेत बेन्हर कसोट्यांनी हजेरी वाचली:
हिंदीला दोनशे चाळीस, मराठीला एकोणीस,
त्यांत डुलक्या घेणारे दोन.
कोणी भांडले नाही. भांडायला घसा लागतो,
तो असलेले सगळे पुण्याला, नाहीतर मातीत.

मग पडदा आला. गिटार आली.
ड्रमला काचेची खोली,
तिच्याशेजारी लॅपटॉप मांडून माझा नातू अनुग्रह.
'आजी, ये फला अब निकाल दें क्या?'
फला.
त्याला ळ येत नाही.
शाळेत नव्हता, गल्लीत नव्हता,
घरी होता, पण हा घरी कधी होता?
मंडळीला मंडली म्हणतो. कळपाला कलप,
जो मी महिन्यातून एकदा केसांना लावते.
आणि पाळकांचे होते पालक,
इंदुरात त्याची भाजी करतात.

नवे पाळक झाबुआकडचे. नाथान डामोर.
एकतीस वर्षांचे, मोटरसायकलवरून येतात,
झगा पाठीवरच्या पिशवीत.
उपासनेनंतरची चहा-बिस्किटे बंद करून
त्यांनी पोहे सुरू केले. वर शेव, जीरावण, बाजूला जलेबी.
मला पटले नाही.
पोहे चांगले होते.

फेब्रुवारीत शेवंताबाई आढाव गेल्या.
उशीखाली चिठ्ठी:
माती मराठीत द्या. गीत १७७.
मी सवयीने म्हटले, दुसरे घ्यावे लागेल.
पाळक म्हणाले, 'उन्होंने यही माँगा है।'
एवढेच. आवाज न चढवता.
मी तिथेच उभी, हातात एक सात घेऊन,
तीस वर्षांची सत्ता गेलेली.
अनुग्रहाने जलेबीच्या खोक्याचे झाकण फाडले,
माझ्या हातातला सात त्यावर ठेवला,
पेनने कड काढली,
कात्री मागितली.

कबरीशी ऊन होते.
पाळकांनी वही उघडली. सगळे मराठी
स्वतःच्या हाताने उतरवलेले, पेन्सिलीने.
मी मान खाली घातली,
आता मंडली येईल, आता कलप,
शेवंताबाई, माफ करा.

मंडळी, ते म्हणाले.
मेंढपाळ.
धुळीला धूळ.
प्रत्येक ळ
टाळूला जीभ लावून सोडलेला, गोल,
जसा बाबांचा असायचा.

परतताना मी विचारले, कुठे शिकलात?
ते गोंधळले. 'ये तो घर का है।
हमारी भीली में है ना।'
दीड वर्ष मी त्यांच्याशी हिंदीत बोलत होते, तेही तुटक.
एकदाही विचारले नव्हते
घरी आईशी काय बोलता.

मला वाटायचे, हे अक्षर नगरहून
आजोबांच्या ट्रंकेतून आले,
आमच्याबरोबरच संपेल.
ते आधीच डोंगरात राहत होते,
आम्हाला न विचारता.

फळा अजून आहे. पडदाही.
या महिन्यात आम्ही सतरा.
अनुग्रह अजून फलाच म्हणतो.
पुठ्ठ्याचा सात डब्यात आहे,
एका टोकाला तेलाचा डाग.
लाकडी सातापेक्षा जरा मोठा झालाय,
खाचेत दाबून बसवावा लागतो,
आणि काढताना
वाकतो.