पंच क्रमांक दोन

म्हापशात पोलीस ठाण्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
त्यामुळे साक्षीला माणूस लागला की हवालदार हाकसुद्धा मारत नाही,
नुसता हात करतो.
चाळीसेक पंचनाम्यांवर माझी सही आहे.
चहा त्यांचा, पेन माझं.

शुक्रवार होता. बाजारातून हरमलच्या मिरचीचा ठसका येत होता.
तो आला तेव्हा खांद्यावर दोरी, कमरेला कोयता,
माडांवर चढून चढून पावलं बाहेरच्या अंगाला वळलेली.
पर्र्याच्या भाटांतले नारळ पाडतो म्हणाला.
"भाड्याच्या कुडीचो फॉर्म. कार्डाच्यो दोन कॉपयो."
चार रुपये आधीच काउंटरवर ठेवले.
बस्त्याव सिद्दी, तालुका यल्लापूर.
कार्ड काचेवर ठेवताना मी नाव वाचलं होतं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात वीज गेली.
तो पायरीवर उन्हात थांबला,
आणि जीप थांबली.

"पासपोर्ट?"
"पासपोर्ट कित्याक? हांव यल्लापूरचो."
शिपायाला हसू आवरेना. "आयक रे, हबशी कोंकणी उलयता!
खंय शिकलो? हणजुण्यां?"
उसाच्या रसवाला हसला. त्याची गिऱ्हाइकंही.
बस्त्याव बोटांवर मोजू लागला,
माझो पाय, ताचो पाय, ताचो आजो...
चौथ्या बोटाशी शिपायाने त्याचं मनगट धरलं.

"कार्ड थंय आसा," तो म्हणाला. थंय म्हणजे माझ्याकडे.
हवालदाराने वळून पाहिलं.
मी म्हणालो, वीज नाही, मशीन बंद आहे.
यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पंचनामा इंग्रजीत असतो. मला वाचता येतो.
कोयता एक. दोरी एक, अंदाजे वीस हात.
रोख तीनशे चाळीस.
कागदपत्रं: निल.
पंच क्रमांक दोन, इथे सही करा.

माझा बाप बटाट्यांच्या ट्रकवर बसून चंदगडहून आला.
शाळेत मला घांटी म्हणत,
गॅदरिंगच्या नाटकात चोराचं काम न विचारता मलाच.
पुढे मी आडनाव बदललं, शेवटी 'कर' आलं.
बापाने नवं रेशनकार्ड उलटसुलट करून पाहिलं
आणि खुंटीवरच्या पिशवीत परत ठेवून दिलं.
आता मला कोणी विचारत नाही, तू कुठला.
हवालदार मला 'आमचो' म्हणतो.

पावणेचारला वीज आली.
सवयीने बटण दाबलं. झाकणाखालून उजेड सरकत गेला.
दोन प्रती, अजून गरम.
टोनर जास्त पडतो हल्ली;
नाव, गाव, नंबर स्वच्छ,
फोटोच्या जागी काळा चौकोन.
माझ्या मशीनवर सगळ्यांचंच असं येतं,
माझं स्वतःचंसुद्धा.

ठाणं बारा पावलांवर आहे.
कार्ड घेऊन मी उठलोही होतो,
तर एक बाई आल्या, मुलीचा दहावीचा दाखला घेऊन.
पाच प्रती, म्हणाल्या. जरा लवकर.