शांतवन उजगरे पियानो लावायला येतात

सहा हमाल लागले होते, नाना पेठेतले,
हा पियानो सॅलिसबरी पार्कात तिसऱ्या मजल्यावर चढवायला.
उजगरे एकटेच येतात, क्वार्टर गेटहून, स्कूटरवर,
दोन पायांत हत्यारांची पेटी धरून.
पुढची फळी उतरवतात
आणि तोंडात बॅटरी धरून आत वाकतात.

मी चहा ठेवते.
साखर घातली की नाही, आठवत नाही.
हे नव्या गोळीमुळे की जुन्या,
ते डॉक्टर घारपुरे मंगळवारी ठरवणार.
त्या दर खेपेला विचारतात, एक ते दहात सांगा.
मी चार सांगते.
चार म्हटलं की कुणी दचकत नाही.
त्या मात्रा वाढवतात.

माझ्या मात्रा वेगळ्या.
डाव्या हातात एकच सूर, खालचा,
दर मात्रेला तोच, बावीस पानं.
वर उजवा हात येतो,
काही बोलायला लागतो,
आणि मध्येच विसरतो कशाला आलो होतो,
फ्रीज उघडून उभं राहावं तसा.
मग पाच रेघांवर सात रिकामी घरं,
प्रत्येकात विरामाची खूण,
रेघेला लटकलेली काळी वीट.
ह्या सात घरांना मी फेब्रुवारी म्हणते.
तेव्हा केस धुतले नव्हते.
फोन पिठाच्या डब्यात ठेवला होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या टिळेकरांनी
जिन्यात कागद चिकटवला:
रात्री साडेदहानंतर एकच सूर वाजवू नये.
वाजवायचाच असल्यास दुसरा वाजवावा.
कळावे.
तेव्हापासून रात्री मी जेवणाच्या टेबलावर वाजवते,
मेणकापडावर.
खाली एकही तार नसते,
तरी सकाळी करंगळी दुखते.

"बाई, हे बघा."
उजगरे हातोड्यांची रांग दाखवतात.
डावीकडचं फेल्ट दगडासारखं,
त्यात तारांच्या तीन-तीन खाचा, खोल.
उजवीकडचं कोरं, दुकानातून आणल्यासारखं.
"इकडे कुणी राहतच नाही वाटतं."

मी खिडकीबाहेर बघते.
सोसायटीचा माळी पाइप गुंडाळतोय, मन लावून.
आता हे विचारणार.
ते विचारतात, "झोप?"
मी म्हणते, "चार."
ते मान हलवतात आणि पेटीतून सुया काढतात.
फेल्ट कडक झालं की टोचावं लागतं,
मग सूर मऊ येतो.
एकेका हातोडीला किती वेळा, ते मोजत नाहीत,
कानाने थांबतात.

मग चावी पिनेवर चढवून जरासं ओढतात
आणि सोडून देतात.
"ही तार आता वर जायची नाही. तुटेल.
सगळाच थोडा खाली लावतो.
आपापसात जुळलं की झालं.
शेजारी दुसरा पियानो आणून
कोण ठेवणारे?"

तीन तास.
एक सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच, केसभर सरकलेला.
हे टिळेकरांना कसं समजावू?
चहात साखर नव्हती.
उजगऱ्यांनी तो काही न बोलता प्यायला.

ते गेल्यावर वही काढली.
फेब्रुवारीनंतरच्या घरात
उजव्या हाताला एक सूर लिहिला. खोडला.
तोच परत लिहिला, पेननं.
वाजवून पाहिला.
अगदी वरचा, कधी हात न लागलेला,
त्यामुळे जरा परका.

खाली दार उघडल्याचा आवाज आला.
जिन्यात पावलं नाहीत.
दार लागलंही नाही.