आवडती कुठली

गंगापूर रोडच्या त्या दुकानात (दुकानच म्हणतो मी,
पोरगी म्हणते, पब म्हणा हो पप्पा)
खुर्च्या एवढ्या उंच की पाय लोंबकळतात.
समोर लाकडाची फळी, फळीला सहा भोकं,
भोकांत सहा बुटके ग्लास,
खाली खडूनं आकडे.
"एकेक घोट घ्या. मग सांगा, आवडती कुठली.
तिचा मोठा ग्लास भरून आणते."
आणि जाता जाता:
"यातली एक माझी आहे. कुठली ते नाही सांगणार."

माझी म्हणजे तिनं शिजवलेली.
काचेपलीकडे स्टीलची पिंपं उभी आहेत,
त्यातल्या तिसऱ्यावर अश्लेषा
पहाटे पाचला शिडी लावून चढते,
हे मला तिच्या आईनं सांगितलं. तिनं नाही.

मी एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये. तपासणी खातं.
ताव उलटायचा, बघायचा, उलटायचा.
शाई फुटली, आकडा सरकला, कडेला केसाएवढी रेघ,
की लाल खूण, ताव बाजूला.
चांगल्या तावाला काही म्हणायचं नसतं.
चांगला ताव नुसता पुढं जातो.
एवढा पैसा डोळ्यांखालून गेला,
पण कुणी विचारलं नाही कधी
यातली आवडती नोट कुठली.

पगाराच्या दिवशी पुंजाराम पगारे आणि मी
बिटकोजवळच्या परमिट रूममध्ये.
कळकट पडदा, एकच पंखा, तोही गल्ल्यावर.
तिथं प्रश्न एकच असायचा: थंड आहे का?
वेटर बाटलीला हात लावून म्हणायचा, आहे.
आम्हीही हात लावायचो. नसायची.
एक बाटली, दोन ग्लास, खारे दाणे.
ग्लास शेजारी शेजारी ठेवून, एक डोळा मिटून
पुंजाराम पातळी जुळवायचा,
तोही तपासणी खात्यातलाच.
चवीचं नाव आम्ही काढल्याचं आठवत नाही.
घरी जाताना बडीशेप मात्र मूठभर.

तर पहिला. पिवळा, हलका. उन्हाळ्यात चालेल.
दुसरा गढूळ. केळ्याचा वास येतोय की काय?
"येतो. येऊ द्या," पोरगी फळीकडे बघतच म्हणाली.
तिसऱ्यात संत्र्याची साल. खोकल्याचं औषध आठवलं.
चौथा काळा,
जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडू,
आणि कडूच्या मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं
काहीतरी गोड. मी परत उचलला.
पाचव्यानं कानशिलं झणझणली.
सहाव्यात जांभूळ. जांभूळ झाडाखालीच बरं.

पोरगी टेबल पुसतेय. पुसलेलंच.
मनगटावर भाजल्याचा डाग, नवा.
पाच ग्लासांच्या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत होती,
एकाच्या वेळी नाही.
एकतीस वर्षं केसाएवढी रेघ शोधणाऱ्याला
एवढं दिसणार नाही?

दोन म्हणालो असतो
तर मी चपला घालायच्या आत
तिचा आईला फोन गेला असता.
जिभेवर आलंही होतं.
पण खोटं माझ्या हातून पुढं जात नाही,
निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी.

"चार," म्हणालो.
ती हसली. जरा उशिरा.
"आणि दोनमध्ये काय कमी आहे?"
"कमी नाही. केळं जास्त आहे."
तिनं ॲप्रनच्या खिशातून वही काढली,
लिहिलं: केळं जास्त, पप्पा. खाली तारीख.
मग पेन तसंच धरून:
"किती जास्त?"

आता हे कुणी विचारलं नव्हतं.
खूण केली की ताव जायचा,
किती चुकला ते वरचे बघायचे.
मी दोन पुन्हा उचलला, डोळे मिटले.
"थांब. अजून एक लागेल."
तिनं अजून एक आणला. मग अजून अर्धा.
वही आमच्या मध्ये उघडी,
तिच्यावर ग्लासाचं ओलं वर्तुळ.

चारचा मोठा ग्लास केव्हाच आला होता,
फेस बसून काठाला पांढरी रेघ राहिलेली.
वेटर दोनदा येऊन गेला.
"काका, तुमची गरम होतेय."
होऊ दे.