पाकिटावरचा वाय

डॉक्टर देवस्थळींनी रिपोर्टच्या पाकिटावर
बॉलपेननं एक वाय काढला.
दोन फांद्या लिव्हरमधून येतात, इथे मिळतात,
आणि नेमकी इथेच गाठ.
दादा पुढे वाकले. डोळे पिवळेजर्द,
नखांत स्वतःचीच सालटं.
एकतीस वर्षं महापालिकेत व्हॉल्व्हमन,
पर्वतीच्या टाकीपासून दत्तवाडीपर्यंत
कुठल्या झाकणाखाली काय, सगळं पाठ.
म्हणाले, "म्हणजे जंक्शनलाच चोकप."

ऑपरेशन नऊ-दहा तासांचं.
अर्धं लिव्हर, नळी, आजूबाजूचं सगळं काढून
आतडं वर ओढून जोडायचं.
"पोट उघडल्यावरही कळू शकतं
की हे निघत नाही. मग तसंच शिवायचं."
नाहीतर तोंडातून दुर्बीण, जाळीची नळी,
तासाभराचं काम. गाठ राहील तिथेच.
खाज जाईल, भूक लागेल.
पुन्हा तुंबली, तर पुन्हा या.

दादांनी विचारलं, "पाणी किती दिवस येईल?"
डॉक्टरांना आधी कळलंच नाही.
मग चष्मा पुसत म्हणाले, "महिने म्हणू या."
"आणि लाइनच बदलली तर?"
"टिकलात तर जास्त."
थोड्या वेळानं पुन्हा, "टिकलात तर."

उल्हास जिन्यात माझ्यावर भडकला:
काढायचं सोडून नळी कसली घालताय?
लोक म्हणतील, पोरांनी पैसे वाचवले.
मीही मनात तेच म्हणत होते,
त्याला सांगितलं नाही.

दादा लिफ्टपाशी, हातात पाकीट.
"गंजलेली लाइन उकरली ना, की शेजारची फुटते.
लक्ष्मीनगरला एका उन्हाळ्यात
मी हेच करून बसलो होतो.
तीन दिवस अख्खी गल्ली कोरडी.
बायका काय बोलल्या, विचारू नकोस."

नळी घातली. लघवी उजळली.
चौथ्या रात्री ते सलग सहा तास झोपले
आणि मी जागी,
खाजवण्याचा आवाज येत नाही म्हणून.
सकाळी शेपूची भाजी मागितली.
आईनं नाक मुरडत केली, दोनदा वाढली.

दिवाळीनंतर तुंबली. आतून दुसरी घातली.
तिसऱ्या वेळी दादाच नको म्हणाले.
उल्हास अजून कधीकधी रात्री फोन करतो,
ऑपरेशन केलं असतं तर, एवढं बोलून थांबतो.
मीही थांबते.

पाकीट माझ्याकडे आहे.
वायच्या फांद्या मिळतात त्याच्या जरा वर
दादांच्या पेन्सिलीनं एक छोटं चाक,
व्हॉल्व्हची खूण,
आणि बाजूला बाण:
बंद करायची दिशा.