शेवटच्या दोन ओळी

एप्रिलात आमच्या चर्चचे पत्रे उतरवले
तेव्हा फादर बोनिफास म्हणाले, या इकडेच,
गल्ली ओलांडायची काय ती.
सदरमधली तेवढी गल्ली ओलांडायला
आम्हाला एकसष्ट वर्षं लागली.

पहिल्या रविवारी
ते गुडघ्यांवर, तर आम्ही उभे;
आम्ही बसलो, तर ते उठले.
एलिशाकाका पुटपुटले, कवायत चुकली लेका.

मग प्रभूची प्रार्थना.
निघालो सगळे एकत्र,
आणि शेवटाशी ते थांबले.
आम्ही सवयीनं पुढे गेलो, आणखी दोन ओळी,
भर दुपारी रिकाम्या रस्त्यावर
आपल्याच चपला ऐकू याव्यात तसे.

कूलरपाशी, मागच्या बाकावर,
गल्ली झाडणारी पार्बताबाई.
खराटा दाराबाहेर टेकवलेला.
"मी त हवेसाठी आली, बाप्पा. उठू काय?"
दोन्हीकडची वडील मंडळी एकमेकांकडे पाहत राहिली,
ही पाहुणी कुणाची?
काका सरकले, तिच्या हाती गीतपुस्तक दिलं,
उलटं.
तिनं त्यानं वारा घेतला,
थोडा काकांनाही घातला.

मेच्या तिसऱ्या रविवारी
प्रार्थनेच्या त्याच जागी
आम्ही थांबलो, त्यांच्यासाठी.
आणि नेमके ते पुढे निघाले, आमच्यासाठी,
कागदावर उतरवून आणलेल्या
आमच्या दोन ओळी अडखळत वाचत.
कुणीतरी फिसकन हसलं.
पार्बताबाईनं विचारलं, "झालं का आमेन?"

नव्हतं झालं.

आमचे पत्रे कधीच बसलेत.
अजून कुणी तसं बोलून दाखवलेलं नाही.