चौथा भोंगा

वर्षात तीन भोंगे माफ.
पहिला पालीनं वाजवला,
दुसरा शटरखालनं घुसलेल्या मांजरानं,
तिसरा कुणी, ते कळलंच नाही.
चौथ्यापासून पाचशे रुपये, पावती घ्यावी.

वडणगेकर हवालदार रजिस्टर फिरवतात माझ्याकडं,
"कारण लिवा. परत पालच काय?"

काल रात्री अडीचला अख्खी गुजरी जागी झाली.
खिडक्यांतून टॉर्च, खाली कुत्री, शिव्या,
आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर तात्या.
बनियनवर कोट, हातात किल्ली,
जिचं कुलूप भंगारात घालून
आठ वर्षं झाली.

"साज ओवायचा राहिलाय," म्हणाले,
"गिऱ्हाईक सकाळच्या गाडीनं येतंय."
डोक्यावर भोंगा बोंबलत होता,
ते मात्र सावकाश
गुळगुळीत पत्र्यावर बोटांनी
किल्लीचं भोक शोधत होते.

रजिस्टरात रकाने दोनच : खरा, खोटा.
मी पेन झटकतो. शाई उतरत नाही.

"चोर हुता का?"
नव्हता.
"काय गेलं का?"

मी पाचशेची नोट पुढं सरकवतो.
बाहेर स्कूटरवर बसून
तात्या हॉर्न दाबतायत,
दाबतच राहिलेत,
दुकान उघडायला उशीर होतोय म्हणून.