उन्हाला ठेवलेली काच

तिलोने लेन्स हातात दिली,
कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखी.
"क्रेट्शमार आजी, हिचं पुट खराब झालंय का?"

पुट मी चढवायचे रे, त्याला बोल लावू नकोस.
काचेच्या घुमटातली हवा उपसून काढली
की मॅग्नेशियम फ्लोराइड तापून वाफ व्हायचं
आणि भिंगावर बसायचं,
इतकं पातळ की त्याला जाडी म्हणायला जीभ रेटत नाही :
उजेडाच्या एका लाटेचा पाव हिस्सा.
नीट बसलं की भिंग जांभळट दिसे.
एका रात्रपाळीत मला डुलकी लागली.
पुट जाड बसलं, अख्खा घाणा तांबूस उतरला.
फोरमन लोबेनश्टाइन तोंडातल्या तोंडात पुटपुटला
आणि महिन्याचा आकडा गाठायचा म्हणून
खोक्यांत भरून मोकळा झाला.

ही खिडकीशी तिरकी धरली. तांबूस.
त्या घाण्यातली असेल, नसेलही.

पिवळेपण मात्र आतलं. थोरियम.
उजेड जास्त वाकावा म्हणून काचेत घातलेलं.
पन्नास वर्षं कपाटाच्या अंधारात
ती आपली आपणच पिकत गेली.

"मग उपाय?"
ऊन.

येनाचं मार्चमधलं ऊन म्हणजे
टेकडीआडून उशिरा येऊन
चहाआधीच उठणारा पाहुणा.
लेन्सखाली चांदीचा कागद पसरला,
दुपारभर तिला उन्हामागे सरकवत राहिले.
तिलो म्हणतो, दिव्याखाली पंधरवड्यात होतं.
होत असेल.

रविवारी पांढऱ्या कागदावर ठेवून बघते.
पण बघायचं कुठल्या डोळ्याने?
उजव्याचा मोतीबिंदू जानेवारीत काढला,
डाव्याचा अजून तसाच.
उजवा म्हणतो : कागद पांढरा, लेन्स पिवळी.
डाव्याला दोन्ही सारखीच, काही तक्रार नाही.
दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी
न्हाणीघराच्या फरशा निळ्या निघाल्या.
त्यांना शोभतील म्हणून मी
वर्षानुवर्षं हिरवे टॉवेल आणत होते.
आणि शेजारच्या ऊर्टेचे पडदे मळके नव्हतेच कधी.
तिला हे अजून सांगितलेलं नाही.

एप्रिल. लेन्स लिंबाच्या सालीइतकी फिकटली.
उद्या नऊ वाजता डावा डोळा.
तिलो दारात उभा : "नेऊ आता?"
थांब जरा.
याला एकदा बघू दे,
उद्यापासून याचं मत कुणी विचारणार नाही.

उजवा मिटला. लेन्स तिरकी धरली.
माझ्या त्या डुलकीच्या जाडीचं पुट
खिडकीतला थोडा उजेड
माझ्याकडे परत पाठवत होतं,
तांबूस.
बाकीचा आत गेला.